हुकलेल्या फोटोंची साक्ष

नवा कॅमेरा घ्यायचं मनात आलं की हौशी छायाचित्रकार लगेच नवे कॅमेरे पाहू लागतो. माझं म्हणणं असं की त्याने आधी आपले जुने फोटो पाहावेत. त्यातलेही चांगले आलेले बाजूला ठेवावेत आणि टाकून दिलेले पाहावेत. चांगला आलेला फोटो कॅमेऱ्याबद्दल फारसं सांगत नाही. तिथे उजेड होता, समोरचा माणूस क्षणभर थांबला होता, आपण योग्य जागी उभे होतो. हातात दुसरा कुठला कॅमेरा असता तरी तो फोटो बहुधा आलाच असता. हुकलेला फोटो मात्र नेमकं बोलतो. तो का हुकला याचं उत्तर त्याच्याच पोटात असतं, आणि नव्या कॅमेऱ्यात काय हवं हे त्या उत्तरावरून ठरतं.

म्हणून खराब फोटो लगेच पुसू नयेत. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत शटरचा वेग, ॲपर्चर, आयएसओ, लेन्सची फोकल लेंग्थ आणि वेळ नोंदवून ठेवतो. वर्षभराचे टाकाऊ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवून या नोंदी वाचल्या, तर कारणं थोडीच निघतात आणि तीच तीच पुन्हा भेटतात. उजेड कमी पडला. फोकस भलतीकडे बसला. बोट दाबायला उशीर झाला. लेन्स पोहोचली नाही. पावसामुळे कॅमेरा पिशवीतून बाहेरच निघाला नाही. आणि एक कारण असं की ज्याची फाइलच नसते, कारण त्या दिवशी कॅमेरा घरी होता. कंपन्यांच्या पत्रकात वैशिष्ट्यांची यादी कितीही लांब असली तरी त्यातलं प्रत्येक वैशिष्ट्य या कारणांपैकी एखाद्यावरचाच इलाज असतो. ज्याला जो आजार नाही, त्याला त्या औषधाचा उपयोग नाही.

ही तपासणी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाने करणं विशेष गरजेचं आहे, कारण आपल्याकडचे फोटो हुकण्याची कारणं आपल्या हवेची, रस्त्यांची आणि सणांची आहेत. दूरच्या शहरात, निराळ्या हवेत केलेल्या परीक्षणात कॅमेऱ्याला मिळालेले गुण खरेच असतील. पण तो कॅमेरा डोंबिवलीच्या फडके रोडवर पहाटे साडेसहाला काय करील, हे त्या गुणांत कुठून येणार?

फडके रोडपासूनच सुरुवात करू. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची तरुणाई नटूनथटून गणपतीच्या दर्शनाला निघते आणि मंदिराच्या आसपासचा सगळा रस्ता माणसांनी भरून जातो. छायाचित्रकाराला याहून चांगला दिवस वर्षात मिळणं कठीण. चेहरे आनंदात आहेत, कपडे रंगीत आहेत, कुणाला फोटोचा संकोच नाही. पण सूर्य अजून इमारतींच्या मागे आहे. तिकडे कल्याणात दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी गणेश घाटावर विसर्जनाची रात्र असते, तेव्हा तर सूर्याचा प्रश्नच नाही. जो काही उजेड तो दिव्यांचा. आपल्या डोळ्याला हा उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळा स्वतःला अंधाराशी चटकन जुळवून घेतो. वस्तुस्थिती अशी की दिव्यांखालचा रस्ता भर दुपारच्या उन्हाच्या साधारण हजारपट अंधारा असतो. सूर्यप्रकाशात जो कॅमेरा एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात चित्र घेतो, त्याला इथे तेवढ्याच उजेडासाठी हजारपट वेळ लागणार. त्या वेळात माणूस हलतो.

आता नोंदी वाचू. किट लेन्स म्हणून जी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते, ती ५५वर नेली की तिचं ॲपर्चर जेमतेम एफ ५.६ उघडतं. घाटावरच्या दिव्यांत, आयएसओ ६४०० ठेवून, शटर मिळतं सेकंदाचा साठावा भाग. आरती ओवाळणारा हात एवढ्या वेळात सहज पुसला जातो. फोटो पाहून माणूस म्हणतो, कॅमेरा जुना झाला, आता फुल फ्रेम घ्यायला हवा. जरा हिशेब करू. हौशी छायाचित्रकारांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेम ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त. ॲपर्चर एफ ५.६च राहिलं, तर चित्राची तेवढीच सफाई राखून शटर साठाव्या भागावरून साधारण एकशेचाळिसाव्या भागापर्यंत नेता येईल. बरं झालं, पण हात तरीही हललेलाच दिसेल. उलट जुन्याच बॉडीवर ५० मिलिमीटरची एफ १.८ची साधी लेन्स लावली, तर तिच्यातून सुमारे दहापट उजेड आत येतो आणि शटर सहाशेच्या जवळ जातं. ही लेन्स प्रत्येक मोठ्या कंपनीच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. बॉडी बदलण्याचा खर्च तिच्या कितीतरी पट.

उजेड कमी पडला की चित्रात जे दाणे दिसतात, ज्याला सगळे नॉइज म्हणतात, त्यामागचं कारण समजून घेतलं तर हा हिशेब पक्का होतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण ठरलेल्या अंतराने येत नाहीत. पहिली सर येताना अंगणात सारख्याच दहा वाट्या मांडून ठेवाव्यात आणि क्षणभराने प्रत्येकीतले थेंब मोजावेत: एकीत तीन, दुसरीत सात, तिसरीत चार. पाऊस सगळीकडे तोच, तरी वाट्यांचा मेळ नाही. वाट्या तासभर ठेवल्या तर सगळ्यांत पाणी जवळपास सारखं दिसेल. पिक्सेलचंही तसंच. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर त्यातला चढउतार १००चा, म्हणजे एक टक्का. तो डोळ्याला दिसत नाही. १००च कण पडत असतील तर चढउतार १०चा, म्हणजे दहा टक्के. त्याचेच दाणे दिसतात. आयएसओ वाढवल्याने कण वाढत नाहीत, आलेल्या कणांचं चित्र तेवढं उजळ दाखवलं जातं. नॉइजचा मोठा भाग असा निसर्गातच आहे. तो कमी करायचा तर अधिक प्रकाश गोळा करायला हवा: मोठ्या ॲपर्चरची लेन्स, मोठा सेन्सर किंवा जास्त वेळ. मागच्या दहा-बारा वर्षांत सेन्सरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची खरखर इतकी उतरली आहे की तिथे आता फार कमावण्यासारखं उरलेलं नाही. २०१५च्या निकॉन डी७२००ने आयएसओ ६४००ला काढलेला फोटो आणि आजच्या त्याच आकाराच्या सेन्सरचा फोटो शेजारी ठेवून पाहणाऱ्याला फरक दिसेल, पण नव्या बॉडीची किंमत भरून निघावी एवढा क्वचितच.

एफ १.८ची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागते, तेही सांगायला हवं. तीन मीटरवरच्या माणसावर फोकस केला तर या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा पुढून मागे मिळून जेमतेम पाव मीटरचा असतो. नऊवारीतली मुलगी स्पष्ट, तिच्या खांद्यामागून डोकावणारी मैत्रीण पुसट. म्हणजे उजेडाचा प्रश्न सोडवताना फोकसचा प्रश्न आपण स्वतःहून ओढवून घेतला. इथून पुढे बॉडीची पारख खरोखर सुरू होते.

पण त्याआधी ठाण्याची दहीहंडी. २०१२ साली जय जवान पथकाने इथे नऊ थर लावून ४३ फुटांहून उंच मनोऱ्याचा विक्रम केला, तेव्हापासून हंडीच्या दिवशी ठाण्यात कॅमेऱ्यांचीही गर्दी असते. हा प्रसंग मला या विषयासाठी फार मोलाचा वाटतो, कारण एकच दृश्य दिवसाच्या दोन वेळांना कॅमेऱ्याकडे अगदी वेगळ्या मागण्या करतं. थर कोसळतात तो क्षण घेऊ. अर्ध्या सेकंदात पडणाऱ्या गोविंदाचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या जवळ जातो. शटर सेकंदाचा १२५वा भाग असेल तर तेवढ्यात तो चार सेंटिमीटर खाली सरकतो. हजारावा भाग असेल तर पाच मिलिमीटर. वीस मीटरवरून ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर काढलेल्या चित्रात एक पिक्सेल साधारण एक मिलिमीटर दाखवतो. म्हणजे पहिल्या चित्रात त्याचा चेहरा चाळीस पिक्सेल फासला गेला, दुसऱ्यात पाच. चाळीस म्हणजे फोटो गेला. पाच चालतील.

आता हजारावा भाग मिळतो का, ते पाहायचं. ऑगस्टच्या दुपारी, आकाश ढगाळ असतानाही, आयएसओ ८००ला एफ ५.६च्या साध्या लेन्सने तो मिळतो. दुपारी हंडी टिपणाऱ्याला गेल्या पंधरा वर्षांतला कुठलाही चांगला कॅमेरा पुरतो, आणि तरी त्याचे फोटो हुकत असतील तर कारण उजेडात नाही, शोध दुसरीकडे घ्यावा. रात्री नऊला त्याच नाक्यावर, मंचाच्या दिव्यांत, त्याच लेन्सने आयएसओ ६४००ला शटर पुन्हा १२५च्या आसपास येऊन अडकतं. ज्याचे हुकलेले फोटो रात्रीचे आहेत त्याने एफ २.८ची झूम लेन्स घ्यावी. तिथे चौपट उजेड, शटर पाचशेपर्यंत. ‘हंडीसाठी कोणता कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी वेळ विचारतो, ती यासाठी.

रात्रीच्या मंचावर आणखी एक गोष्ट घडते आणि पुष्कळ जण तिचा दोष कॅमेऱ्याला देतात. एकामागून एक काढलेल्या दहा फोटोंत चार पिवळट, तीन काळपट, तीन ठीक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाचा शंभरावा भाग असेल तर प्रत्येक चित्रात लुकलुकण्याचं एक पूर्ण आवर्तन येतं आणि सगळी चित्रं सारखी दिसतात. शटर हजारावा भाग केलं की त्या आवर्तनाचा दहावा तुकडा तेवढा हाती येतो, कधी उजळ, कधी मंद. कॅननने २०१४च्या सेव्हन डी मार्क टूमध्ये दिव्याचं हे लुकलुकणं ओळखून उजळ क्षणीच शटर उघडण्याची सोय दिली, आणि नंतर ती इतर कंपन्यांच्या चांगल्या बॉड्यांतही आली. मंडप, मंच, विसर्जन, लग्नाचा हॉल हेच ज्याचं क्षेत्र आहे, त्याने ही सोय आहे की नाही हे मेगापिक्सेलच्या आधी विचारावं.

इलेक्ट्रॉनिक शटरचा मामला याच्या शेजारचा. आवाज न करता सेकंदाला तीस चित्रं, हे वाचायला सुंदर वाटतं. २०२२च्या कॅनन आर७मध्ये ते मिळतं. पण त्या पद्धतीत सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो आणि त्या कॅमेऱ्याला एक पूर्ण चित्र वाचायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ढोलवादकाचं टिपरू जागेवरून हललेलं असतं. चित्रात ते वाकलेलं उमटतं. दिव्यांच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टेही पडतात. यांत्रिक शटरवर तोच कॅमेरा सेकंदाला पंधरा चित्रं घेतो आणि टिपरू सरळ राहतं. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी, जी डोंबिवलीतून सुरू होऊन गावोगाव पसरली, पंधराचा आकडा खरा. तीसचा आकडा फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्यासाठी.

फोकसकडे वळू. गर्दीतले हुकलेले फोटो मोठे करून पाहिले तर त्यात काहीतरी स्पष्ट असतंच: मागचा फ्लेक्स, पुढच्याने उंचावलेला मोबाइल, शेजारच्या काकांचा फेटा. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस केला होता, फक्त आपल्याला हव्या त्या जागी केला नाही. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा भाग आरशाखाली असायचा आणि त्याचे बिंदू चित्राच्या मधल्या पट्ट्यात गोळा झालेले असायचे. डी७२००मध्ये असे ५१, २०१६च्या निकॉन डी५००मध्ये १५३ आणि ते जवळजवळ चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेपर्यंत. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच होतो, बिंदू सर्वत्र पसरतात, आणि आता कॅमेरा माणसाचा डोळा, पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखतो. मला विचाराल तर दहा वर्षांत हौशी माणसाच्या हाती आलेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे. एफ १.८ उघडून, चालत्या माणसाच्या डोळ्यावर फोकस ठेवणं पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम होतं.

तरी इथेही आपली जागा आपले प्रश्न विचारते. एकटी मुलगी समोर उभी असेल तर डोळा ओळखणारा कोणताही कॅमेरा शहाणा वाटतो. थरांमध्ये एका चौकटीत तीस चेहरे असतात. कॅमेरा त्यातला एक निवडतो. तो आपला नसेल तर दुसरा निवडायला किती वेळ लागतो? अंगठ्याशी जॉयस्टिक आहे का, की पडद्यावर बोट टेकवावं लागतं? पाण्याच्या फवाऱ्यात ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. दुकानाच्या शांत काउंटरवर हे कळत नाही. गर्दीच्या वेळी स्टेशनच्या जिन्यासमोर रस्त्यात उभं राहून, येणाऱ्या लोंढ्यातल्या तिसऱ्या रांगेतल्या माणसावर फोकस नेऊन पाहावा; अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्याचा स्वभाव कळतो.

आता खाडी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२मध्ये तो रामसर यादीतही आला. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत इथे लहान आणि मोठे, दोन्ही जातींचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. इथले हुकलेले फोटो बहुधा एकाच तक्रारीचे असतात: पक्षी ठिपक्याएवढा आला. त्यावर सुचतो तो उपाय म्हणजे मोठी लेन्स. पुन्हा हिशेब करू. लहान रोहित उभा असला की ८०-९० सेंटिमीटर भरतो. शंभर मीटरवर, ५०० मिलिमीटरच्या लेन्सने, एपीएस-सीच्या २४ मेगापिक्सेल चित्रात तो हजारभर पिक्सेल उंच दिसतो, भिंतीवर लावण्याजोगा. तीनशे मीटरवर तोच साडेतीनशे पिक्सेलांचा. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी चरत चरत आत जातात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे सारतं. तिप्पट फोकल लेंग्थचं काम इथे भरतीचं वेळापत्रक करतं, आणि ते फुकट मिळतं. ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीसुद्धा भरती पाहूनच सुटतात. ज्याच्या टाकाऊ फोटोंच्या वेळा भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यावर ओहोटीच्या निघतात, त्याने आधी वेळ बदलून पाहावी.

वेळेचं दुसरं कारण हवा. दहा वाजले की चिखलावरची हवा तापते, थरथरते, आणि लांबचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा विरघळतो. हिवाळ्यात यावर धुळीचा पडदा चढतो. या हवेत पन्नास हजारांची आणि दहा लाखांची लेन्स जवळजवळ सारखंच चित्र देतात. लेन्स मऊ आहे म्हणून विकायला काढणाऱ्या माणसाने तिचा एक फोटो सकाळी सातला, वीस मीटरवरच्या बगळ्याचा काढून पाहावा आणि मगच विकावी.

एवढं करूनही पल्ला कमी पडत असेल, तर मात्र यंत्राची वेळ आली. इथे फुल फ्रेमच्या मोठेपणाला अर्थ उरत नाही, कारण लेन्स तीच असेल तर लहान सेन्सरच्या चौकटीत पक्षी मोठा भरतो आणि सहसा त्याच्या वाट्याला पिक्सेलही अधिक येतात. सेव्हन डी मार्क टू, डी५००, आर७ हे पक्षीनिरीक्षकांत प्रिय झाले त्याचं एक कारण हे. आणि ज्याला फक्त पक्ष्याची ओळख पटवायची आहे, नोंद ठेवायची आहे, त्याच्यासाठी २०१५चा निकॉन पी९०० आजही पुरेसा आहे. त्याचा सेन्सर २८ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याचा. संध्याकाळी तो दाण्यांनी भरून जातो. पण उन्हात त्याची ८३ पट झूम लेन्स तुतवारांच्या दोन जातींतला फरक दाखवते. त्या कॅमेऱ्याला हलकं समजणं हा अन्याय आहे. ज्याने ज्या कामासाठी घेतला, त्या कामात तो हुकत नाही.

खंड्या फांदीवरून सुटला आणि चित्रात रिकामी फांदी आली, हा प्रकार उशिराचा. दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. सेकंदाला किती चित्रं हा आकडा त्यावर काही करू शकत नाही. आर७ आणि त्याच्यासारखे काही कॅमेरे बटण अर्धं दाबलेलं असताना सतत चित्रं घेत राहतात आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या अर्ध्या सेकंदातली जपून ठेवतात. पक्ष्यांवाल्यासाठी ही सोय खरी आहे. त्याने बफरही विचारावा. डी७२०० पूर्ण दर्जाच्या रॉमध्ये अठराएक चित्रांनंतर मंदावतो, म्हणजे सेकंदाला पाचच्या वेगाने साडेतीनएक सेकंद. डी५०० दोनशेपर्यंत दम टिकवतो. थर लागण्यापासून कोसळण्यापर्यंत ज्याचं बोट बटणावर असतं त्याला हा फरक जाणवेल. फडके रोडवर चेहरे टिपणाऱ्याला आयुष्यात जाणवणार नाही.

मेगापिक्सेलचं थोडक्यात. २४ मेगापिक्सेलचं चित्र ६,००० गुणिले ४,००० असतं आणि इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत वीस बाय तेरा इंचांचं होतं. प्रदर्शनात एवढी चौकट मोठी मानली जाते. कमी मेगापिक्सेलमुळे हुकलेला फोटो टाकाऊ फोल्डरमध्ये शोधून पाहावा.

पाऊस मात्र थोडक्यात आटपण्यासारखा नाही. जून ते सप्टेंबर हे आपल्याकडचे सर्वांत सुंदर चार महिने. येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले असतात, मासुंदा तलावाच्या काठी छत्र्या असतात, आणि बहुतेक कॅमेरे कपाटात असतात. या चार महिन्यांत फोल्डरमध्ये एकही फाइल नसेल तर ती साक्षच आहे. बॉडीच्या सांध्यांना रबरी पट्ट्या असणं, ज्याला वेदर सीलिंग म्हणतात, हे इथल्या माणसासाठी शोभेचं कलम नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॉडी बंदिस्त आणि लेन्सच्या माउंटला रबरी कडा नाही, तर पाणी तिथूनच शिरतं. आणि सीलिंग कितीही चांगलं असलं तरी कंपनीची हमी पाण्याने झालेलं नुकसान सहसा मान्य करत नाही. वर प्लॅस्टिकचं आवरण लागतंच.

दमटपणा त्याहून कपटी. एसी लोकलमधून डोंबिवलीला उतरून लगेच कॅमेरा काढला की गार काचेवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबण्याला पर्याय नाही. घरात कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्समध्ये दोन पावसाळ्यांत बुरशीचे धागे पसरू शकतात, आणि एकदा त्यांनी काचेवरचा लेप खाल्ला की तो परत येत नाही. नव्या कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं ड्राय कॅबिनेट धरलं नसेल, तर ते बजेट ठाण्यासाठी केलेलं नाही. कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, मात्र जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करायचा नेम हवा.

राहिलं ते फाइल नसलेलं कारण. डी५०० आणि त्यावर २००-५०० मिलिमीटरची लेन्स मिळून तीन किलोच्या वर जातात. कल्याणहून सुटलेल्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढणाऱ्या माणसाने ते वजन पाठीवर घेऊन कामाला जायचं म्हटलं, तर ते पहिल्या आठवड्यातच घरी राहायला लागतं. आणि रस्त्यावर जे घडतं ते सुट्टीचा दिवस पाहून घडत नाही. सोनीचा आरएक्स१० मार्क फोर अकराशे ग्रॅमच्या आत २४ ते ६०० मिलिमीटरचा पल्ला देतो. त्याचा एक इंची सेन्सर एपीएस-सीच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही, पण तो पिशवीत असतो. निकॉनचा झेड५० बॅटरीसकट ४५० ग्रॅमचा. कॅलेंडरवर खूण करून बघावी: जुना कॅमेरा महिन्यातून किती दिवस घराबाहेर पडला? चारच दिवस पडला असेल, तर ही संख्या वाढवील असाच कॅमेरा चांगला, बाकी वैशिष्ट्यं काहीही असोत.

फोल्डरमधल्या ढिगांत सर्वांत उंच ढीग कोणता हे कळलं की उमेदवार कॅमेरे दोन-तीनच उरतात. मग ते शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणावेत. मुंबई-ठाण्यात अशी भाड्याची सोय आहे. घरातली पुस्तकांची फळी टिपण्यात तो वेळ घालवू नये. ज्या जागी, ज्या वेळी जुने फोटो हुकले, तिथेच तो कॅमेरा न्यावा, जुनाही सोबत ठेवावा, आणि घरी येऊन चांगले किती आले हे मोजण्याऐवजी उंच ढीग किती उतरला ते मोजावं. तो उतरला नाही, तर नव्या कॅमेऱ्याने जे काही चांगलं केलं ते आपल्याला नको असलेलंच होतं.

विकत घेताना फोर्टमधल्या बोरा बाजारात एक फेरी जरूर मारावी. पक्कं बिल आणि भारतातली हमी मागावी. बिनबिलाच्या मालात वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात. जुनी बॉडी असेल तर शटर किती वेळा पडलं ते विचारावं. डी७२००चं शटर दीड लाख आणि डी५००चं दोन लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. वीस-तीस हजारांवरची बॉडी अजून तरुण समजावी. जुनी लेन्स असेल तर ॲपर्चर पूर्ण उघडावं, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका धरावा आणि समोरून पाहावं. धूळ दिसली तर घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स परत काउंटरवर ठेवावी, किंमत कितीही उतरवली तरी.